दीर्घिकेभोवतीचा वायू संगणकात उभा करायचा तर: नवख्यांसाठी वाटचाल

आपल्या आकाशगंगेची ताऱ्यांची तबकडी केंद्रापासून साधारण १५ किलोपार्सेकपर्यंत पसरली आहे. तिला धरून ठेवणारं कृष्णद्रव्याचं प्रभामंडल मात्र २०० ते २५० किलोपार्सेकपर्यंत जातं. (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं.) या मधल्या अवाढव्य जागेत जो विरळ वायू आहे त्याला या क्षेत्रातले लोक सीजीएम (सर्कमगॅलॅक्टिक मीडियम, म्हणजे दीर्घिकेभोवतीचं माध्यम) म्हणतात. दीर्घिकेत नवे तारे घडवणारं इंधन इथूनच आत येतं आणि अतिनवताऱ्यांनी (स्फोट होऊन मरणाऱ्या ताऱ्यांनी) बाहेर फेकलेली जड मूलद्रव्यं इथेच येऊन पडतात. लायमन स्पिट्झर यांनी १९५६ मध्येच असा तप्त वायू असला पाहिजे असं मांडलं होतं. पण तो इतका विरळ आहे की त्याचा स्वतःचा प्रकाश टिपणं फार अवघड. म्हणून मागे असलेल्या एखाद्या क्वेसारच्या (दूरच्या, अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्राच्या) वर्णपटात या वायूने उमटवलेल्या शोषणरेषा वाचाव्या लागतात. एका दीर्घिकेमागे बहुधा एकच क्वेसार सापडतो, म्हणजे अख्ख्या प्रभामंडलातून एकच बारीक रेघ. उरलेलं चित्र सिम्युलेशनने भरायचं.

पदवीपर्यंतचं भौतिकशास्त्र, थोडं पायथन आणि लिनक्सच्या टर्मिनलची भीती नसणं एवढं गृहीत धरून हा लेख लिहिला आहे. एक मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: पहिल्याच महिन्यात महास्फोटापासून आजपर्यंतची दीर्घिका चालवायला जाऊ नका. चालेल, सुंदर चित्रंही निघतील, पण त्यातलं काय भौतिकशास्त्रामुळे आहे आणि काय तुमच्या जाळीच्या आकारामुळे, हे तुम्हाला सांगता येणार नाही. या विषयात हा फरक ओळखणं हेच मुख्य काम आहे.

आधी कागद

संगणकाला हात लावण्यापूर्वी तीन काळ हाताने काढा: वायू थंड व्हायला लागणारा काळ, गुरुत्वाकर्षणाने आत कोसळायला लागणारा काळ आणि ढग फुटायला लागणारा काळ. सीजीएममधली बहुतेक भांडणं या तिघांत कोण आधी जिंकतं यावरच असतात.

आकाशगंगेएवढ्या प्रभामंडलाचं नैसर्गिक तापमान सुमारे दहा लाख केल्विन. ५० किलोपार्सेकवर घनता एका घन सेंटिमीटरमागे ०.०००१ हायड्रोजन अणू आणि जड मूलद्रव्यं सूर्याच्या एक तृतीयांश धरली, तर वायू थंड व्हायला अंदाजे ३ अब्ज वर्षं लागतात. वर्तुळाकार वेग सेकंदाला २०० किलोमीटर धरला तर तिथून मुक्तपणे कोसळायला सुमारे ३५ कोटी वर्षं. गुणोत्तर साधारण ९. आता घनता दहापट करून पाहा: थंड होण्याचा काळ ३० कोटी वर्षांवर येतो आणि गुणोत्तर एकच्या खाली घसरतं. प्रतीक शर्मा, मायकल मकोर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की गोलाकार प्रभामंडलात हे गुणोत्तर १० च्या आसपास किंवा खाली आलं की तप्त वायूतून थंड, दाट गोळे आपोआप साकळू लागतात. म्हणजे आपल्या या ढोबळ हिशेबातली आकाशगंगा नेमकी उंबरठ्यावर बसली आहे. घनतेच्या छोट्याशा चुकीने उत्तर पालटतं, हे इथेच लक्षात घ्या.

हे आकडे वहीत लिहून ठेवा. सिम्युलेशनमधून यापेक्षा शंभरपट वेगळं काही आलं, तर नवा शोध लागलेला नसतो, एककांत घोळ झालेला असतो.

कोणतं सॉफ्टवेअर

यावर नवखे लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एकात अवकाश चौकोनी जाळीत वाटलेलं असतं आणि हवी तिथे जाळी बारीक करता येते: एन्झो, रॅम्सेस, अथिना प्लस-प्लस, प्लुटो. दुसऱ्यात वायूचे ठरावीक वस्तुमानाचे तुकडे वायूबरोबर वाहतात: गॅजेट, गिझ्मो, स्विफ्ट. आरेपो मधला आहे, त्याची जाळीच वायूबरोबर सरकते.

पहिल्या दोन प्रयोगांसाठी प्लुटो घ्या. त्यात वायू थंड होण्याचा तक्ता वाचण्याची सोय आधीच आहे. एन्झो निवडलात तर ग्रॅकल ही लायब्ररी जोडून मिळते. ती क्लाउडी या प्रोग्रॅमने काढलेले तक्ते वापरते आणि क्वेसार व दीर्घिकांमधून येणाऱ्या अतिनील पार्श्वभूमीचा परिणामही धरते. ही पार्श्वभूमी वगळू नका. विरळ वायूत ती अणूंचे इलेक्ट्रॉन काढून घेते आणि थंड वायूला सुमारे दहा हजार केल्विनवर थोपवून धरते.

पहिला प्रयोग: वाऱ्यातला ढग

दहा लाख केल्विनचा वारा, घनता ०.०००१. त्यात दहा हजार केल्विनचा गोल ढग, घनता ०.०१. तापमान शंभरपट कमी, घनता शंभरपट जास्त, म्हणजे दाब सारखा. वाऱ्याचा वेग सेकंदाला १५० किलोमीटर, म्हणजे तप्त वायूतल्या ध्वनीच्या वेगाइतकाच.

ढग फुटण्याचा काळ म्हणजे घनतांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ, गुणिले ढगाची त्रिज्या, भागिले वेग. क्लाइन, मकी आणि कोलेला यांनी १९९४ मध्ये हे सूत्र रुजवलं. १०० पार्सेक त्रिज्येच्या ढगासाठी हा काळ साडेसहा लाख नव्हे, ६५ लाख वर्षं येतो (दशांश चिन्ह जपा, इथे सगळेच एकदा तरी घसरतात). वायू थंड होत नाही असं मानलं, तर यानंतर काही पटींत ढग वाऱ्यात विरून जातो.

पण वायू थंड होतो, आणि गंमत इथे आहे. ढगाच्या कडेला तप्त आणि थंड वायू मिसळून जो मधला थर बनतो, त्याचं तापमान सुमारे एक लाख केल्विन असतं. नेमक्या याच तापमानाच्या आसपास वायू सर्वांत झपाट्याने ऊर्जा बाहेर टाकतो. आपल्या आकड्यांत या थराला थंड व्हायला अंदाजे दीड कोटी वर्षं लागतात. १०० पार्सेकचा ढग त्याआधीच फुटतो. १ किलोपार्सेकच्या ढगाला फुटायला साडेसहा कोटी वर्षं लागतात; तोवर मिसळलेला वायू थंड होऊन ढगालाच चिकटतो आणि ढगाचं वस्तुमान वाऱ्यात वाढत जातं! ग्रोन्के आणि ओह यांनी २०१८ मध्ये ही कसोटी मांडली. आपल्या उदाहरणात सीमा सुमारे २३० पार्सेकवर येते.

म्हणून दोन रन करा, एक १०० पार्सेकचा आणि एक १ किलोपार्सेकचा, बाकी सगळं तंतोतंत सारखं. एक विरला आणि दुसरा वाढला, तर तुमची मांडणी बरोबर आहे असं समजायला हरकत नाही.

मांडणीत काही बारकावे आहेत. ढगाच्या त्रिज्येत किमान आठ पेट्या (जाळीतली घरं) बसू द्या. थंड वायूचं एकूण वस्तुमान एवढ्यावरही बरंचसं स्थिर येतं, आकाराचे तपशील येत नाहीत. बॉक्स रुंदीला दहा त्रिज्या आणि वाऱ्याच्या दिशेने पन्नास त्रिज्या ठेवला, तर ८० गुणिले ८० गुणिले ४००, म्हणजे सुमारे २५ लाख पेट्या होतात. साध्या डेस्कटॉपवर चालेल. ढग मागे वाहत जातो आणि बॉक्सबाहेर पडतो, त्यामुळे दर थोड्या वेळाने ढगाच्या सरासरी वेगाने सगळा बॉक्स पुढे सरकवा. हे केलं नाही तर शेपटी कापली जाते आणि ‘ढग नष्ट झाला’ असा खोटा निष्कर्ष निघतो. वारा स्वतः थंड होऊ नये म्हणून सुमारे सहा लाख केल्विनच्या वर थंड होणं बंद ठेवा. हे कृत्रिम आहे, पण इथे प्रश्न ढगाचा आहे. आणि तापमानाला दहा हजार केल्विनचा तळ घाला.

मोजायचं काय? ढगाच्या मूळ घनतेच्या एक तृतीयांशाहून दाट असलेल्या वायूचं एकूण वस्तुमान, वेळेनुसार. रंगीत चित्रं नंतर. चित्रात वाढणारा ढग आणि विरणारा ढग सुरुवातीला जवळजवळ सारखेच दिसतात.

मग पेट्या दुप्पट बारीक करून पुन्हा चालवा. त्रिमितीत पेट्या आठपट होतात, वेळेचं पाऊलही अर्धं होतं, म्हणजे सोळापट खर्च. हा खर्च टाळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. टाळू नका. थंड वस्तुमानाचा आलेख दोन्ही रनमध्ये जुळला तरच पुढच्या पायरीवर जा.

दुसरा प्रयोग: शांत प्रभामंडल

आता एक अख्खं प्रभामंडल, पण विश्वापासून तोडलेलं. सूर्याच्या एक लाख कोटी पट वस्तुमानाचं कृष्णद्रव्य घ्या. त्याची रचना नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांच्या नेहमीच्या सूत्राने द्या आणि गुरुत्वाकर्षण स्थिर ठेवा. त्यात वायू असा भरा की प्रत्येक त्रिज्येवर दाबाचा उतार गुरुत्वाकर्षणाला बरोबर तोलेल.

थंड होणं बंद ठेवून आधी हे मुक्तपतनाच्या काळाच्या पाच-दहापट चालवा. काहीही घडता कामा नये. वेग ध्वनीच्या वेगाच्या मानाने नगण्य राहिला पाहिजे. कंटाळवाणं आहे, पण आतल्या आणि बाहेरच्या सीमेवरच्या चुका इथेच पकडल्या जातात. पुढे अतिनवताऱ्यांच्या धुमश्चक्रीत त्या कधीच दिसणार नाहीत.

मग थंड होणं सुरू करा. आता मधला दाट वायू आधी थंड होतो, आत कोसळतो, त्याची जागा घ्यायला वरचा येतो आणि केंद्राकडे अखंड ओघ लागतो. खऱ्या दीर्घिकेत एवढा वायू आत येत राहिला तर जितके तारे दिसतात त्याहून कितीतरी जास्त घडायला हवेत. म्हणजे वायूला काहीतरी तापवत असलं पाहिजे. सर्वांत सोपा उपाय, आणि माझ्या मते शिकण्यासाठी सर्वोत्तम: प्रत्येक त्रिज्येवर जितकी ऊर्जा सरासरीने बाहेर जाते, तितकीच परत घाला. वर सांगितलेल्या २०१२ च्या कामात हेच केलं होतं. घनतेत थोडे चढउतार पेरा आणि थंड होण्याच्या व कोसळण्याच्या काळांचं गुणोत्तर २०, १० आणि ५ ठेवून तीन रन करा. कोणत्या रनमध्ये थंड गोळे उगवतात ते बघा. आयुष्यात एकदा हे स्वतःच्या हाताने झालेलं पाहावं.

चुंबकीय क्षेत्र, उष्णतेचं वहन आणि वैश्विक किरण हे सगळं खरं आहे आणि महत्त्वाचंही. वैश्विक किरणांचा दाब मोठा असेल तर थंड वायू दाबून दाट व्हायची गरजच उरत नाही. पण पहिल्या फेरीत यातलं काहीही घालू नका.

तिसरी पायरी: दुसऱ्यांनी चालवलेलं विश्व

विश्वाच्या पातळीवरचं सिम्युलेशन स्वतः चालवण्याआधी उपलब्ध असलेलं उलगडायला शिका. इलस्ट्रिस टीएनजी या प्रकल्पाचा डेटा नोंदणी करून मोफत मिळतो. त्यातल्या टीएनजी ५० चा एक पूर्ण स्नॅपशॉट (सिम्युलेशनमधल्या एका क्षणाची नोंद) टेराबाइटमध्ये असतो, तो उतरवायच्या भानगडीत पडू नका. आकाशगंगेएवढ्या वस्तुमानाची एक दीर्घिका निवडा आणि फक्त तिच्या प्रभामंडलाचे वायूचे कण मागवा.

फाइल उघडली की खड्डे सुरू होतात. अंतरं विश्वाच्या प्रसरणाबरोबर ताणणाऱ्या एककात असतात आणि त्यांत हबल स्थिरांकाचा ०.६७७४ हा गुणक दडलेला असतो. वस्तुमान सूर्याच्या हजार कोटी पटींत, तेही याच गुणकाने भागलेलं. तापमान थेट दिलेलंच नसतं. अंतर्गत ऊर्जा आणि इलेक्ट्रॉनचं प्रमाण यांवरून ते काढावं लागतं. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे तारे घडवणाऱ्या दाट वायूचं काढलेलं तापमान खरं नसतं, कारण तिथे अनेक अवस्थांची सरासरी एका ठरावीक सूत्राने बसवलेली असते. ज्या पेटीत तारे घडण्याचा दर शून्याहून जास्त आहे ती सीजीएमच्या हिशेबातून सरळ गाळा.

आता रिझोल्यूशनचा हिशेब करा, हा सगळ्यांत डोळे उघडणारा आहे. टीएनजी ५० मध्ये वायूच्या एका पेटीचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ८५ हजार पट. दीर्घिकेच्या तबकडीत, जिथे घन सेंटिमीटरमागे एक अणू आहे, तिथे अशी पेटी सुमारे १४० पार्सेक रुंद होते. ५० किलोपार्सेकवरच्या ०.०००१ घनतेच्या वायूत तीच पेटी ३ किलोपार्सेक रुंद होते. म्हणजे आपल्या पहिल्या प्रयोगातला १ किलोपार्सेकचा ढग एका पेटीतही मावतो! तो दाट असल्याने त्याच्या वाट्याला थोड्या लहान, साडेसहाशे पार्सेकच्या पेट्या येतील, पण आठ पेट्यांची आपली अट कुठल्या कुठे राहिली. मकोर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सुचवल्याप्रमाणे थंड वायू खरोखरच त्याच्या स्वाभाविक लांबीपर्यंत (थंड होण्याच्या काळात ध्वनी जेवढं अंतर कापतो तेवढ्या) तुटत असेल, तर ०.०१ घनतेला ती लांबी जेमतेम १० पार्सेक येते.

हा टीएनजीचा दोष नाही. वस्तुमानाच्या मागे जाणाऱ्या प्रत्येक पद्धतीत संगणकाची ताकद दाट तबकडीत खर्च होते आणि विरळ सीजीएम उपाशी राहतो. त्यावर उपाय म्हणून काही गटांनी प्रभामंडलातही जबरदस्तीने बारीक जाळी ठेवायला सुरुवात केली. मॉली पीपल्स यांच्या गटाचा फॉगी प्रकल्प त्यातलाच. फ्रीके व्हॅन दे वूर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सगळ्या प्रभामंडलात १ किलोपार्सेकचं रिझोल्यूशन ठेवलं, तेव्हा तटस्थ हायड्रोजनचं प्रमाण बाहेरच्या भागात लक्षणीय वाढलं. म्हणून थंड वायूबद्दलचा कोणताही आकडा वाचताना पहिला प्रश्न हा विचारा: पेटी केवढी होती?

फीडबॅक नावाचं प्रकरण

ताऱ्यांनी आणि त्यांच्या स्फोटांनी भोवतालच्या वायूला परत दिलेल्या ऊर्जेला फीडबॅक म्हणतात. एका अतिनवताऱ्याची ऊर्जा म्हणजे १० चा ५१वा घात अर्ग. ही ऊर्जा मोठ्या पेटीत नुसती उष्णता म्हणून ओतली, तर पेटी थोडीशीच तापते आणि बहुतेक ऊर्जा लगेच प्रकाश बनून निघून जाते. स्फोट झाला की नाही हे वायूला कळतही नाही. यातून सुटण्यासाठी प्रत्येक गटाने आपापली युक्ती काढली आहे. टीएनजीमध्ये दीर्घिकेतून निघणारा वारा काही काळ आजूबाजूच्या वायूला न अडता बाहेर जातो. ईगल या सिम्युलेशनमध्ये मोजक्याच कणांना एकदम ३ कोटी केल्विनपर्यंत तापवतात. फायर या सिम्युलेशनमध्ये स्फोटाने मिळायला हवा तो संवेग थेट देतात.

या युक्त्यांचे आकडे बहुधा ताऱ्यांचं वस्तुमान निरीक्षणांशी जुळावं म्हणून बसवलेले असतात. सीजीएम जुळवलेला नसतो. त्यामुळे सारखे तारे असलेल्या दोन सिम्युलेशनमध्ये भोवतालचा वायू अगदी वेगळा असू शकतो. काहींना ही अडचण वाटते. मला तीच या विषयाची खरी ताकद वाटते, कारण ज्या गोष्टीला हात लावलेला नाही तीच खरी परीक्षा घेऊ शकते.

इथवर आलात की स्वतःचं प्रभामंडल झूम पद्धतीने चालवायला घेता येईल: म्युझिक या प्रोग्रॅमने प्रारंभिक स्थिती बनवायची, आधी फक्त कृष्णद्रव्याचं कमी रिझोल्यूशनचं विश्व चालवून प्रभामंडल निवडायचं, मग फक्त तेवढ्याच भागात वायू आणि बारीक रिझोल्यूशन. यात महिने जातात, क्लस्टरवर रांग लावावी लागते.

निरीक्षणाशी तुलना

सिम्युलेशनमधल्या वायूच्या वस्तुमानाची निरीक्षणातल्या वस्तुमानाशी थेट तुलना करू नका. निरीक्षणात वस्तुमान दिसतच नाही, आयनांच्या रेषा दिसतात. हबल दुर्बिणीवर २००९ मध्ये बसवलेल्या कॉस या वर्णपटमापकाने ४४ दीर्घिकांभोवती, सुमारे १५० किलोपार्सेकच्या आत, अशा रेषा शोधल्या. पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन तारे घडवणाऱ्या दीर्घिकांभोवती जवळजवळ सर्वत्र सापडला, शांत झालेल्या दीर्घिकांभोवती फार कमी. हा निष्कर्ष २०११ मध्ये आला आणि आजही प्रत्येक सिम्युलेशनला त्याच्यासमोर उभं राहावं लागतं.

यासाठी वायटी हे पायथनचं पॅकेज आणि त्यावर चालणारं ट्रायडेंट वापरा. ट्रायडेंट प्रत्येक पेटीचं तापमान, घनता आणि धातुप्रमाण (जड मूलद्रव्यांचं प्रमाण) घेऊन आयन किती असतील ते तक्त्यातून काढतं, किरण सोडतं आणि कॉसच्या तपशिलांनुसार खोटा वर्णपटही बनवून देतं. किरण शंभर-दोनशे तरी सोडा आणि ते क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटा, त्रिज्येच्या नव्हे. नाहीतर केंद्राजवळचे किरण अवाजवी जास्त होतात. सरासरीऐवजी मध्यक घ्या. एका किरणात एक दाट ढग आला की सरासरी त्याच्यामागे धावत सुटते. तुलनेसाठी स्नॅपशॉटही निरीक्षणाच्या ताम्रसृतीचा (रेडशिफ्टचा) हवा, इथे ०.२ च्या आसपासचा.

आकडे जुळले नाहीत, आणि पहिल्यांदा बहुधा जुळत नाहीतच, तर शोध एका क्रमाने घ्या. आधी किरणांची निवड आणि दीर्घिकेचं ताऱ्यांचं वस्तुमान तपासा. मग आयनांचा तक्ता वेगळ्या अतिनील पार्श्वभूमीने काढून पाहा: हाच ऑक्सिजन ३ लाख केल्विनच्या वायूत अणूंच्या टकरींनी बनतो, तसाच बाहेरच्या अतिविरळ, त्याहून थंड वायूत अतिनील प्रकाशानेही बनतो, आणि दोन्हींची रेषा एकाच तरंगलांबीवर असते. या दोन तपासण्यांना सिम्युलेशन पुन्हा चालवावं लागत नाही. त्यानंतर रिझोल्यूशन. फीडबॅकच्या आकड्यांना सर्वांत शेवटी हात लावा, आणि लावलाच तर एका वेळी एकच बदला.